औषध देऊनही मांजराला जंत परत होतात: नेमकं कुठे चुकतंय?

जंताची गोळी दिली, काही दिवस बरं गेलं आणि महिन्याभरात शेपटीखाली पुन्हा तेच पांढरे दाणे. मग दुसरी कंपनी, तिसरी गोळी, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. यात बहुतेक वेळा गोळीचा दोष नसतो. पोटातून द्यायची जंताची औषधं त्या दिवशी आतड्यात असलेल्या जंतांवर काम करतात आणि थोड्याच वेळात शरीराबाहेर निघून जातात. पुढच्या आठवड्यात मांजराच्या पोटात नवे जंत गेले, तर त्यांना अडवायला आत काही उरलेलं नसतं. म्हणून ‘कोणती गोळी चांगली’ हे विचारण्याआधी दोन गोष्टी बघा: नेमकं काय दिसलं, आणि औषधानंतर किती दिवसांनी दिसलं. दोष औषधात आहे, मात्रेत आहे की घरात, हे या दोन उत्तरांवरून बऱ्याच अंशी कळतं.

नेमकं काय दिसलं?

शेपटीखालच्या केसांना, बसण्याच्या जागेवर किंवा ताज्या शीवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट तुकडे दिसले, आणि ते ताजे असताना आखडत-पसरत हलत असतील, तर तो टेपवर्म, म्हणजे चपटा जंत. दिसतो तो आख्खा जंत नव्हे, त्याचा अंड्यांनी भरलेला एक तुकडा. वाळला की तो पिवळट आणि कडक होतो. घरातल्या मांजरांत दिसणारा हा जंत बहुतेक वेळा पिसवांमधून आलेला असतो. तुकडे मोठे, चौकोनी आणि रुंद असतील आणि मांजर उंदीर मारत असेल, तर उंदरातून येणाऱ्या दुसऱ्या जातीच्या टेपवर्मचा संशय घ्यावा.

उलटीत किंवा शीत शेवईसारखे लांब, गोल, पांढरे जंत आले तर तो राउंडवर्म. तो ३ ते १० सें.मी. लांब असतो आणि बाहेर पडल्यावर गुंडाळी करतो. पिल्लांचं पोट फुगलेलं, अंग मात्र हाडकुळं आणि केस निस्तेज, हे चित्र याचंच.

हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, सहसा डोळ्यांना दिसतच नाही. तो जेमतेम एक सें.मी.चा असतो, आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरून रक्त पितो आणि तिथेच राहतो. बाहेर दिसतो तो त्याचा परिणाम: काळपट, डांबरासारखी शी, फिकट हिरड्या, सुस्त मांजर. ‘जंत दिसत नाहीत म्हणजे नाहीत’ हा हिशोब इथे महागात पडतो.

एक फसगत नेहमी होते. काही तास उघड्यावर पडलेल्या शीत माशीच्या अळ्या वळवळताना दिसतात आणि लोक त्यांना जंत समजतात. अळी एका टोकाला निमुळती असते आणि सरळ पुढे सरकत जाते. टेपवर्मचा तुकडा चपटा असतो आणि जागच्या जागी लांब-आखूड होतो. शंका असेल तर शी पडल्यापडल्या बघा.

आणि हे बघताना वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंगही बघा. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा. तो गुलाबी असायला हवा. पांढुरका दिसला, शी काळी असेल, पिल्लू दिवसभर काही खात नसेल, सारखी उलटी होत असेल किंवा पोट ताठ लागत असेल, तर घरी गोळी देऊ नका, दवाखान्यात न्या. अंकुशकृमींनी रक्त ओढलेल्या लहान पिल्लाला नुसतं जंताचं औषध पुरत नाही. लोह, सलाईन, कधी रक्तही द्यावं लागतं. शिवाय लसीकरण न झालेल्या पिल्लाची उलटी आणि जुलाब पॅनल्यूकोपेनियाचेही असू शकतात. तो विषाणूजन्य आजार आहे, आणि जंतावर उपचार करण्यात गेलेला एक दिवस पिल्लाच्या जिवावर बेततो.

किती दिवसांनी परत दिसले?

पहिल्या दोन दिवसांत जंत बाहेर पडले, तर औषध लागू पडलं आहे. पायरॅन्टेल हे राउंडवर्म आणि अंकुशकृमीवरचं औषध जंताला मारून विरघळवत नाही; त्याला लुळं करतं, मग आतडं त्याला ढकलून देतं. म्हणून बाहेर पडलेला राउंडवर्म कधी कधी हलतानाही दिसतो. टेपवर्मचं उलटं. प्राझिक्वांटेल या टेपवर्मवरच्या औषधाने मेलेला जंत आतड्यातच पचून जातो, शीत काहीच दिसत नाही, आणि ‘गोळीने काहीच पडलं नाही’ म्हणून लोक लगेच दुसरी गोळी देतात. ती गरज नसते.

सुमारे दोन आठवड्यांनी राउंडवर्म पुन्हा दिसले, तर अर्धवट राहिलेला उपचार हे पहिलं कारण समजा. पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या थेट आतड्यात राहत नाहीत. त्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात मोठ्या होतात. पायरॅन्टेल आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही, त्यामुळे वाटेत असलेल्या अळ्यांना ते लागत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांनी खाली उतरतात. दुसरी मात्रा दोन आठवड्यांनी द्यायची ती यांच्यासाठी. पहिल्या मात्रेने जंत पडले, मांजर खेळायला लागलं की दुसरी मात्रा राहून जाते, आणि पहिले पाढे पंचावन्न.

तीन आठवड्यांच्या आसपास तांदळाचे दाणे परतले, तर पिसवा. पिसू गिळल्यापासून तुकडे पडायला लागेपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो. गोळीने आतला जंत मेलेला असतो, पण त्याच आठवड्यात अंग चाटताना मांजराने नवी पिसू गिळलेली असते.

दीड-दोन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा दिसले, तर शिकार किंवा मातीतून नव्याने झालेली लागण. आणि दाणे दिसणं मुळात थांबलंच नव्हतं, तर औषध चुकलं, मात्रा चुकली किंवा गोळी पोटात गेलीच नाही.

औषध त्या जंताचं आहे का, आणि मात्रा पुरेशी आहे का

औषधाच्या नावापेक्षा पट्टीमागचे घटक वाचा. पायरॅन्टेल राउंडवर्म आणि अंकुशकृमीवर चालतं, टेपवर्मवर अजिबात नाही. प्राझिक्वांटेल टेपवर्मवर चालतं, बाकीच्या दोघांवर नाही. पायपरॅझिन फक्त राउंडवर्मसाठी. फेनबेंडाझोल राउंडवर्म आणि अंकुशकृमीसाठी सहसा किलोला ५० मि.ग्रॅ. या हिशोबाने सलग काही दिवस, बहुधा तीन दिवस देतात. उंदरातून येणाऱ्या टेपवर्मवरही ते चालतं, पण पिसवांतून येणाऱ्या टेपवर्मवर नाही. शेपटीखाली दाणे दिसत असताना कोणी पायरॅन्टेलचं सिरप देत राहिलं, तर ते कितीही वेळा दिलं तरी दाणे जाणार नाहीत. आणि पायपरॅझिन नि पायरॅन्टेल एकाच वेळी देऊ नका: जंताच्या स्नायूंवर दोघांचं काम एकमेकांच्या उलट दिशेने चालतं, त्यामुळे दोन्ही कमी पडतात.

आता मात्रा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मांजरासाठी बनवलेल्या नेहमीच्या गोळीत ४ किलो वजनाला २० मि.ग्रॅ. प्राझिक्वांटेल आणि २३० मि.ग्रॅ. पायरॅन्टेल एम्बोनेट (पायरॅन्टेलचा क्षार) असतं. कुत्र्यांच्या तिहेरी गोळीत १० किलोला ५० मि.ग्रॅ. प्राझिक्वांटेल, १४४ मि.ग्रॅ. पायरॅन्टेल एम्बोनेट आणि १५० मि.ग्रॅ. फेबँटेल. घरात कुत्र्याची गोळी आहे म्हणून ४ किलोच्या मांजराला वजनाच्या हिशोबाने तिचे दोन पंचमांश दिले, तर प्राझिक्वांटेल बरोबर २० मि.ग्रॅ. जातं, पण पायरॅन्टेल ५८ मि.ग्रॅ.च्या आत. मांजराच्या गोळीच्या जेमतेम एक चतुर्थांश. कुत्र्याच्या गोळीत राउंडवर्म आणि अंकुशकृमींचं निम्मं काम फेबँटेल करतं, म्हणून तिथे पायरॅन्टेल कमी ठेवलेलं असतं. अशा तुकड्याने टेपवर्म जातो आणि अंकुशकृमी राहू शकतात. शिवाय नखाने किंवा सुरीने पाडलेले दोन पंचमांश म्हणजे अंदाजपंचे मात्रा. मांजराला मांजराचीच गोळी द्या.

सिरपमध्ये फरक याहून मोठा असतो. पिल्लांसाठीच्या काही पातळ औषधांत १ मि.ली.मध्ये १४.४ मि.ग्रॅ. पायरॅन्टेल क्षार, म्हणजे ५ मि.ग्रॅ. मूळ पायरॅन्टेल असतं. माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सस्पेन्शनवर ५ मि.ली.त २५० मि.ग्रॅ. असा आकडा असतो, म्हणजे १ मि.ली.त ५०. दहापट फरक. किलोला १० मि.ग्रॅ. मूळ पायरॅन्टेल हा हिशोब धरला, तर ५०० ग्रॅमच्या पिल्लाला पहिल्या बाटलीतलं १ मि.ली. लागेल आणि दुसऱ्या बाटलीतलं फक्त ०.१ मि.ली. शेजारच्यांनी ‘आम्ही एक एमएल देतो’ सांगितलं, तर कोणती बाटली हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. लेबलवर पामोएट किंवा एम्बोनेट लिहिलं असेल तर आकडा क्षाराचा आहे की मूळ औषधाचा हे नीट वाचा, १४४ मि.ग्रॅ. क्षार म्हणजे ५० मि.ग्रॅ. मूळ औषध. मिली किती द्यायचं ते डॉक्टरांकडून त्याच बाटलीसाठी लिहून घ्या आणि बाटलीला चिकटवून ठेवा.

ही सस्पेन्शन्स उभी राहिली की औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं, तर पहिल्या पिल्लाला नुसतं गोड पाणी आणि शेवटच्या पिल्लाला दाट साका मिळतो. प्रत्येक वेळी, प्रत्येक पिल्लाआधी, बाटली नीट हलवा. मोजायला चमचा नको. १ मि.ली.ची, सुई काढून टाकलेली सिरिंज घ्या.

वजन डोळ्यांनी ठरवू नका. पिल्लाला डब्यात किंवा टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, डब्याचं वजन वजा करा. मोठ्या मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा. पण या दुसऱ्या पद्धतीत दोन-तीनशे ग्रॅमची चूक सहज होते, म्हणून लसीला गेलात की दवाखान्यातल्या काट्यावरचा आकडा लिहून आणा. वाढत्या पिल्लाचं वजन प्रत्येक मात्रेच्या दिवशी नव्याने घ्यायचं. दोन आठवड्यांपूर्वीचा आकडा आता कमी पडतो.

गोळी खरंच पोटात गेली का?

प्राझिक्वांटेल कमालीचं कडू असतं. गोळी कुटून दुधात किंवा माशात मिसळली की मांजर दोन घास खाऊन निघून जातं, आणि अर्धी मात्रा वाटीत राहते. तोंडात फुटली तर मांजर फेस काढतं, लाळ गाळतं. बघणारा घाबरतो, पण ती फक्त चवीची प्रतिक्रिया असते आणि थोड्या वेळात थांबते. विषबाधा नव्हे.

गोळी आख्खी द्यावी. मांजराला टॉवेलात गुंडाळून पाठ तुमच्याकडे करून बसवा. डाव्या हाताने डोकं वरून, गालांच्या हाडांपाशी धरून छताकडे वळवा. खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने पुढचे खालचे दात दाबून तोंड उघडा आणि गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर टाका. पुढे पडली तर ती थुंकणारच. लगेच तोंड मिटवून गळ्यावरून हात फिरवा आणि नाक चाटेपर्यंत सोडू नका. नाक चाटलं की बहुधा गिळलेलं असतं. मग सिरिंजने गालाच्या बाजूने २-३ मि.ली. पाणी थोडं थोडं द्या किंवा आवडीचं खाणं पुढे करा, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून राहत नाही. पातळ औषधही गालाच्या बाजूनेच द्यायचं. तोंड वर करून सरळ घशात जोरात सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं.

पुढचा तासभर नजर ठेवा. कोपऱ्यात जाऊन गोळी टाकून येणारी मांजरं पुष्कळ असतात. उलटीत आख्खी गोळी दिसली तर डॉक्टरांना फोन करून पुन्हा द्यायची की नाही ते विचारा. गोळीआधी उपाशी ठेवायची गरज नसते, आणि ‘पोट साफ व्हावं’ म्हणून एरंडेल तर मुळीच देऊ नका. जुलाबाने लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

दाणे पुन्हा पुन्हा दिसतात: पिसवांचा बंदोबस्त

टेपवर्मच्या तक्रारीत खरा रोग पिसवांचा असतो. बाहेर पडलेल्या तुकड्यातली अंडी अंथरुणातल्या पिसवांच्या अळ्या खातात. अळीची पिसू होते, जंत तिच्या पोटात तयार असतो, आणि चाटताना मांजर तिला गिळतं. नुसती गोळी देणं म्हणजे या साखळीतली एकच कडी तोडणं.

‘आमच्या मांजराला पिसवा नाहीत’ हे बऱ्याचदा खरं नसतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, त्यामुळे पिसवा गिळल्या जातात आणि दिसत नाहीत. पिसवांच्या बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी पाठीवर आणि मानेखाली विंचरा. फणीत आलेले काळे बारीक कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. थोड्या वेळाने कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मातीचा कण असेल तर डाग पडत नाही.

पिसू दिवसाला काही डझन अंडी घालते आणि ती मांजराच्या अंगावर न राहता खाली गळतात. गोधडीच्या घड्या, सोफ्याच्या फटी, पलंगाखालची धूळ, फरशीचे सांधे, जिन्याखालचा कोपरा, जिथे मांजर झोपतं तिथेच अंडी आणि अळ्या. कोषातल्या पिसूला फवारणी लागत नाही, आणि ती त्या कोषात काही महिने थांबू शकते. म्हणून एकदा औषध टाकून पिसवा गेल्या असं धरू नका. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, एकाच दिवशी, महिन्यातून एकदा, निदान तीन महिने पिसवांचं औषध द्यायचं. पावसाळ्यात तर खंड पडू देऊ नये. उबदार आणि दमट हवेत पिसवांची पिढी तीन-चार आठवड्यांत तयार होते.

मानेवर टाकायचं औषध मांजरासाठीचंच हवं: मांजराच्या वजनाचं फिप्रोनिल, सेलामेक्टिन किंवा डॉक्टर सांगतील ते. सेलामेक्टिन राउंडवर्म आणि अंकुशकृमीवरही चालतं, टेपवर्मवर नाही. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून औषध थेट कातडीवर सोडा. केसांवर पडलं तर वाया जातं. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नका. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना बरीच औषधं चालत नाहीत; त्यांना रोज फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.

कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. थोड्या मात्रेनेही थरकाप, झटके आणि मृत्यू येतो. घरातल्या कुत्र्याला ते लावलं असेल, तर पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी झोपू देऊ नका. चुकून लागलंच, तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाने धुवा आणि तसेच दवाखान्यात निघा. कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचं तेल हे ‘घरगुती’ म्हणून निरुपद्रवी समजले जातात; मांजरांसाठी ते तसे नाहीत.

अंथरुणं ६०° सें.च्या पाण्यात धुवा. ज्या गोधड्यांना ते चालत नाही त्या कडक उन्हात उलटसुलट वाळवून झटका. फटींमध्ये व्हॅक्यूम फिरवला तर चांगलं. त्याच्या कंपनांनी कोषातल्या पिसवा बाहेर पडतात. पिशवी लगेच घराबाहेर टाका. टेपवर्मची गोळी पिसवांच्या औषधाच्या दिवशीच द्या आणि तीन-चार आठवड्यांनी, पिसवा आटोक्यात आल्या की, पुन्हा एकदा.

वाळूचं घमेलं, कुंड्या आणि फिनेल

बऱ्याच घरांत मांजराच्या शीसाठी विकत मिळणाऱ्या लिटरऐवजी बांधकामाची वाळू किंवा माती घमेल्यात भरून ठेवतात आणि आठवड्याने बदलतात. अंकुशकृमीची अंडी उबदार ओल्या वाळूत फुटतात आणि अळ्या साधारण आठवड्याभरात लागण करण्याजोग्या होतात. त्या पंजाच्या कातडीतूनही आत शिरतात. राउंडवर्मच्या अंड्यांना दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर दोन्हींना वेळच मिळत नाही. ज्या दिवशी पडली त्या दिवशीची शी जंताच्या बाबतीत धोक्याची नसते. चार दिवस राहिलेली ती धोक्याची. वाळू आठवड्याला पूर्ण बदला, घमेलं घासून घ्या आणि त्यात उकळतं पाणी ओता.

राउंडवर्मच्या अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं. फिनेल, डेटॉल किंवा ब्लीच यांनी ते मरत नाही. मातीत ते काही वर्षंही टिकतं. ब्लीचने फक्त चिकटपणा जातो आणि अंडं धुऊन निघतं. मूत्र असलेल्या घमेल्यात ब्लीच ओतलं तर घातक वायू तयार होतो, तेव्हा आधी पाण्याने धुवा. आणि फिनेल तर टाळाच: फिनॉलसारख्या द्रव्यांचं विष मांजराचं यकृत उतरवू शकत नाही, आणि ती फरशीवरून पंज्यांवर आणि पंज्यांवरून पोटात जातात. घासणं, साबण, उकळतं पाणी, एवढं पुरतं.

बाल्कनीतल्या कुंड्यांकडे लक्ष द्या. मांजर मऊ मातीत शी करतं, झाकतं, आणि ती माती पाणी मिळून ओली-उबदार राहते. अंड्यांना याहून सोयीची जागा नाही. कुंडीच्या तोंडावर जाळी बसवा किंवा मोठे गोटे पसरून ठेवा. मांजराची शी कंपोस्टमध्ये टाकू नका. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या.

शिकार

उंदीर, चिमण्या, झुरळं, गांडुळं यांच्या अंगात राउंडवर्मच्या अळ्या नुसत्या थांबून राहू शकतात. मांजराने खाल्लं की जाग्या होतात. फ्लॅटमधून कधीही न उतरणारं मांजरही झुरळं मारतंच. कोकणातल्या घरात भाताच्या कणगीजवळ राखण करणाऱ्या मांजराला शिकारीपासून रोखता येणार नाही, आणि तो हेतूही नसतो. अशा मांजराला वर्षातून निदान चार वेळा, दर तीन महिन्यांनी, राउंडवर्म आणि टेपवर्म दोन्हींवरचं औषध द्या. पूर्ण घरात राहणाऱ्या, शिकार न करणाऱ्या मोठ्या मांजराला वर्षातून एक-दोनदा पुरतं. उंदरांसाठी विषाऐवजी पिंजरा लावा. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरू शकतं.

कच्चं मटण किंवा मासळीबाजारातून आलेली मुंडकी, आतडी देत असाल तर उकडून द्या. आणि गोड खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने जंत होत नाहीत. दुधाने मोठ्या मांजराला जुलाब होतात, ती वेगळी गोष्ट.

भाटी आणि अंगावर पिणारी पिल्लं

मांजरांत राउंडवर्म गर्भात जात नाही, पण दुधातून जातो. त्यामुळे पिल्लं बाहेर कुठे गेली नाहीत तरी त्यांना जंत होतात, आणि पिल्लांना औषध देऊन आईला विसरलं की सगळं जैसे थे. पहिली मात्रा तिसऱ्या आठवड्यात, त्याच दिवशी भाटीलाही. मग दर दोन आठवड्यांनी, दूध सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांपर्यंत. त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा. इतक्या लहान पिल्लांना सहसा पायरॅन्टेल किंवा फेनबेंडाझोल देतात. प्राझिक्वांटेल असलेल्या बऱ्याच गोळ्या सहा आठवड्यांखाली द्यायच्या नसतात.

पोट फार फुगलेलं आणि अंगाने अगदी खंगलेलं पिल्लू मात्र घरी हाताळू नका. एकाच वेळी खूप जंत सुटले तर आतड्यात गोळा होऊन अडकू शकतात.

माणसांची अल्बेंडाझोलची ४०० मि.ग्रॅ.ची गोळी शाळेतून घरात आलेली असते, आणि तिचा तुकडा मांजराला देण्याचा मोह होतो. देऊ नका. अल्बेंडाझोल मांजराच्या अस्थिमज्जेला इजा करू शकतं, त्याने रक्तपेशी कमी होतात. लसूणही नको, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्याचं आणखी जातं. वावडिंगाची मांजरासाठी ठरलेली सुरक्षित मात्रा नाही.

मुलं असलेल्या घरात

राउंडवर्मची पिकलेली अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात, क्वचित डोळ्यात पोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून खाजणाऱ्या नागमोडी रेषा उमटवतात. इमारतीच्या आवारात बांधकामाच्या वाळूचा ढीग असेल तर तो झाकून ठेवा. भटक्या मांजरांचं ते शौचालय असतं आणि मुलांचं खेळायचं मैदान. टॉक्सोप्लाझ्मा हा वेगळा परजीवी आहे, जंताच्या गोळीने तो जात नाही. गरोदर बाईने घमेलं साफ करायचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

एवढं करूनही थांबत नसेल

मग शीची तपासणी, आणि तीही नीट. चमचाभर ताजी शी घट्ट झाकणाच्या डबीत घ्या, त्याच दिवशी पोचवा. मधे वेळ जाणार असेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उन्हाळ्यात डबी गाडीत राहिली तर अंकुशकृमीची अंडी फुटून नमुना बिघडतो. नुसत्या काचेवरच्या थेंबाऐवजी फ्लोटेशन पद्धतीने तपासायला सांगा. अंडी कमी असली तरी ती वर तरंगून सापडतात. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत परजीवीशास्त्राचे विभाग आहेत.

अहवाल निगेटिव्ह आला तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पिसवांतल्या टेपवर्मची अंडी तुकड्याच्या आत बंद असतात, म्हणून तपासणीत बऱ्याचदा सुटतात. दिसलेला तुकडा बाटलीत स्पिरिटमध्ये घालून न्या, तो जास्त बोलका पुरावा आहे. आणि पिल्लाच्या पोटातले जंत अजून अंडी घालण्याइतके मोठे झाले नसतील, तर अंडी सापडणारच नाहीत.

जंत नसताना जुलाब चालूच असतील, तर जिआर्डिया, कॉक्सिडिया किंवा ट्रायट्रायकोमोनास शोधावे लागतात. हे एकपेशीय परजीवी आहेत. पायरॅन्टेल आणि प्राझिक्वांटेल त्यांच्यावर चालत नाहीत, आणि जिआर्डिया एका नमुन्यात सापडेलच असं नाही. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावे लागतात. सारखा खोकला येत असेल तर तो दम्याचाही असतो.

औषधाला न जुमानणारे जंत असतात का? असतात. अमेरिकेत कुत्र्यांमधल्या अंकुशकृमींत आणि २०१८ साली नोंद झालेल्या काही कुत्र्यांमधल्या पिसवांच्या टेपवर्ममध्ये हे आढळलं आहे. पण घरच्या मांजराबाबत तो निष्कर्ष शेवटी काढायचा. मात्रा दवाखान्यात, तिथल्याच काट्यावर वजन करून, डॉक्टरांसमोर द्या. आधी एक तपासणी आणि १४ दिवसांनी दुसरी करा. दुसऱ्यातही अंडी तेवढीच असतील तरच औषध बदलायचं. जाताना आधीच्या गोळीच्या पट्टीचा घटक दिसतील असा फोटो, दिलेल्या तारखा, त्या त्या दिवशीचं वजन आणि पिसवांचं औषध शेवटचं कधी टाकलं हे लिहून न्या.